शाकारणीच्या नोंदी: श्रीवर्धन तालुका, जून २०२० ते मे २०२१

२ जून २०२०, मंगळवार

अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचं आज चक्रीवादळ झालं. नाव निसर्ग, बांगलादेशाने सुचवलेलं. उद्या दुपारी अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागेल असं हवामान खातं म्हणतंय. सकाळपासून दोनदा रिक्षा भोंगा लावून फिरून गेली: किनाऱ्यालगतच्या लोकांनी शाळेत जावं, कच्च्या घरात थांबू नये.

आमचं घर समुद्रापासून सहाशे-सातशे पावलांवर. मधे सुरूचं बन, मग आमची बारा गुंठ्यांची वाडी, मग घर. आजोबांनी १९५८ साली बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, सागवानी वासे, वर मंगलोरी कौलं. मागे स्वयंपाकघराला लागून पत्र्याची पडवी, ती बाबांनी नंतर काढली.

शाकारणी, म्हणजे पावसाआधीची कौलारू छपराची डागडुजी, मेच्या शेवटच्या आठवड्यातच उरकली होती. फुटकी कौलं बदलली, सरकलेली बसवली, कोन्यांच्या सांध्यांत सिमेंट भरलं. पण शाकारणी पावसासाठी असते. वाऱ्यासाठी काय करायचं ते घरात कुणालाच नीट सांगता येईना. बाबांना २००९ चं फयान वादळ आठवतं. तेव्हा वळचणीची चार-सहा कौलं गेली होती, तेवढंच.

आज केलेलं काम: पडवीच्या पत्र्यांवर वाळूची आठ पोती. दोन पिंपं आणि हंडे-कळश्या पाण्याने भरल्या, कारण वीज गेली की विहिरीचा पंप बंद. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, पासबुकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत. दोन्ही मोबाईल आणि टॉर्च चार्ज. माडांच्या पेंडी उतरवून घ्यायच्या होत्या, पण आज चढायला माणूस मिळाला नाही. गाईचं दावं रात्रीच सोडून ठेवायचं, असं बाबांनी ठरवलंय.

३ जून, बुधवार, रात्री

कंदिलाच्या उजेडात लिहितेय. तिघंही सुखरूप आहोत. गायही.

साडेदहापर्यंत नुसता पाऊस आणि जमिनीकडून येणारा वारा होता. अकरानंतर वारा दक्षिणेकडून फिरत फिरत समुद्राकडे वळला आणि त्याचा आवाजच बदलला. तोवर झाडांचा आवाज येत होता, नंतर झाडांचा आवाज वेगळा ऐकूच येईना. सुपाऱ्या एका बाजूला इतक्या वाकत होत्या की शेंडे वईला, कुंपणाला टेकतील असं वाटत होतं. मग काडकन मोडायला लागल्या, एकामागून एक, मधोमध.

आम्ही माजघरात, खांबाला टेकून बसलो होतो. सव्वाबाराच्या सुमारास स्वयंपाकघराचं मागचं दार फुटलं. त्याला आतून एकच कडी होती, तीही वरच्या बाजूला. खालून दार आत दबत दबत शेवटी कडीचा कोयंडा लाकडासकट उपटून आला. वारा घरात शिरला आणि पुढच्या दोन-तीन श्वासांत पूर्वेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उताराची, कौलं उठली. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहून ठेवते: वारा पश्चिमेचा होता, पण कौलं पूर्वेची उडाली. वरून कुणी ओढून घ्यावीत तशी आधी एक ओळ उचलली, मधे फट पडली, त्यातून आभाळ दिसलं, आणि मग उरलेली गेली.

पडवीचे पत्रे पोत्यांसकट गेले. आठपैकी पाच पोती अजून सापडलेली नाहीत. एक माड स्वयंपाकघरावर आडवा पडलाय.

दोनच्या पुढे वारा ओसरला. आई माजघरातलं पाणी सुपाने बाहेर ओतत होती. बाबा मागच्या दारात उभे राहून वाडीकडे बघत होते. तिथून समुद्र कधी दिसत नव्हता, आज दिसत होता.

४ जून

कुठल्याही कामाला हात लावण्याआधी सगळ्याचे फोटो काढले. घराच्या चारही बाजू, प्रत्येक खोली, आतून छत, पडलेला माड, मोडलेली प्रत्येक ओळ. तारीख दिसावी म्हणून फोटोत मोबाईलचा कॅलेंडर उघडून ठेवलेला आईचा हात. नेटवर्क नाही, खांब आडवे झालेत, तारा रस्त्यावर. तारेला कुणी हात लावू नका, असं शेजारच्या काकांनी घरोघर जाऊन सांगितलं. वीज बंद असली तरी कुणी जनरेटर लावला तर उलटी वीज तारेत येऊ शकते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. ते विजेच्या तारांच्या कामावरच नोकरीला होते.

मोजणी: कौलं गेलेली किंवा फुटलेली ६४०. एकूण साधारण सतराशे. वासे मोडलेले ४, चिरफाळलेले ३. रिपा (वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौलं पेलणाऱ्या लाकडी पट्ट्या) जवळजवळ शंभर फूट. पत्रे १४ पैकी १४. वाडीत उभे माड २२ पैकी ९, पोफळी (सुपारीची झाडं) १५० पैकी ३१. फणस मुळासकट.

५ जून, वटपौर्णिमा

माड घरावरून उतरवला. हे काम कसं करायचं नाही ते लिहिणं जास्त गरजेचं आहे. गावातल्या दोन पोरांनी सरळ मधोमध कोयता घालायला घेतला होता. सुतारकाका आले म्हणून थांबले. काकांनी आधी आतून, मोडलेल्या वाशाच्या दोन्ही बाजूंना बल्ल्यांचे टेकू दिले. मग शेंड्याकडून, दीड-दीड हाताचे तुकडे करत आले, प्रत्येक तुकडा दोराने बांधून खाली सोडला. बुंधा शेवटी.

फणसाला तर त्यांनी हातच लावू दिला नाही. “बाय, त्याचं मूळ बघ. केवढी माती धरून उभं राहिलंय. खोड कापलंस की वजन जातं, आणि तो बुंधा परत खड्ड्यात बसतो. मागं पोरं उभी असतील तर गाडली जातील.” फणस तसाच ठेवला.

आईने पूजा केली. गावातला वड पडलाय. त्याच्या आडव्या खोडालाच बायकांनी सूत गुंडाळलं.

७ जून

ताडपत्री. तालुक्याच्या ठिकाणी दोन मिळाल्या, १८ बाय २४ फुटी. पहिल्या दिवशी आम्ही एक नुसती पसरून वर दगड ठेवले होते. रात्री साध्या वाऱ्याने फडफडून दगड खाली आले, एक कौल फुटलं. आज नीट बांधली. ताडपत्रीची वरची कड आढ्यावरून, छपराच्या माथ्यावरून, पलीकडच्या पाख्यावर दोन हात टाकायची, म्हणजे पाणी तिच्याखाली शिरत नाही. कडेला रीप ठेवून ताडपत्री तिच्यावर दोन वेढे गुंडाळायची आणि मग ती गुंडाळी खालच्या लाकडाला खिळ्यांनी ठोकायची. ताडपत्रीला थेट खिळा मारला की तिथूनच ती फाटते.

मान्सून आठवड्याभरात येईल. आता एवढीच शर्यत आहे.

९ जून

कौलांसाठी फिरले. नव्या कौलांचा दर दुकानदाराने वादळाआधीच्या दीडपट सांगितला, पत्र्यांचा त्याहून वर. मी भांडले नाही, फक्त घेतले नाहीत. म्हसळ्याच्या बाजूला एका जुन्या घराचं छप्पर उतरवून स्लॅब घालायचं चाललं होतं, तिथे सहाशे जुनी कौलं मिळाली. एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून घेतलं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर आत चीर आहे.

घरी आणल्यावर कळलं की ही कौलं दुसऱ्या कारखान्याची आहेत. मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा असतात, शेजारचं कौल त्यात अडकतं. दोन कारखान्यांच्या खाचा जुळत नाहीत. वरवर बसल्यासारखी वाटतात, पण हाताने दाबलं की डुगडुगतात. मी तशीच बसवणार होते, काकांनी नाही म्हटलं. मग ठरलं: आमची उरलेली जुनी सगळी कौलं पश्चिमेच्या पाख्याला आणि दोन्ही बाजूंना, आणलेली सगळी पूर्वेच्या पाख्याला. एका पाख्यावर एकच जात. दोन दिवसांचं काम वाढलं. ते केलं.

१२ जून

पहिला मोठा पाऊस. ताडपत्री टिकली. स्वयंपाकघरात तीन ठिकाणी गळतंय, माजघर कोरडं. चूल ओटीवर आणली.

१८ जून

पंचनामा झाला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक तिघं एकत्र आले, आमच्याकडे वीस मिनिटं होते. त्यांना दिवसाला अशी कित्येक घरं करायची होती. फोटो काढून ठेवले होते ते उपयोगी पडले, कारण आतापर्यंत माड उतरलाय, पडवी झाडून झालीय, नुकसान अर्धं दिसतच नाही. घराचं ‘अंशतः नुकसान’ लागलं.

वाडीची गोष्ट वेगळी. सातबारा सामाईक आहे: बाबा, दोन काका, आणि आजीचं नाव अजूनही तसंच. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. मदत एकाच्या खात्यात यायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत आणि आजीच्या नावाचं काय ते वेगळंच. एक काका मुंबईत, एक बडोद्याला, कोरोनामुळे प्रवास बंद. कोकणात बहुतेक घरांचं हेच आहे. वारसनोंद करायला आम्हाला अकरा वर्षं मिळाली होती. ताडपत्री आणि टॉर्चच्या आधी यादीत हे काम यायला हवं होतं, आणि त्याला पैसेही फार लागत नाहीत.

फळबागेची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केलीय. बारा गुंठ्यांना त्या हिशेबाने सहा हजार. आंब्याच्या मोठ्या बागेला हेक्टराचं माप चालत असेल, पण आमच्याकडे सुपारी, माड, जायफळ, मिरवेल, केळ एकाच जमिनीवर एकावर एक उभी असतात. इथे झाडं मोजायला हवीत, जमीन नाही. हे मी कृषी सहाय्यकांना सांगितलं. ते म्हणाले, ताई, मीही वर तेच लिहिलंय.

२८ जून

वाशांचं काम संपलं. चार नवीन, तीन जोडलेले. सागवान परवडलं नाही. सुतारकाकांनी वाडीतल्याच पडलेल्या जुन्या माडांच्या खोडातून बाहेरचा काळा, कठीण भाग काढून वासे केले. आतला भुसभुशीत गाभा पूर्ण टाकून दिला. जुन्या माडाचं बाहेरचं लाकूड खिळा वाकवतं इतकं घट्ट असतं. आजोबांनी लावलेली झाडं त्यांनीच बांधलेल्या घरावर चढली.

आज पाऊस होता म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसले. ३ जूनला जे पाहिलं त्याचा हिशेब लागत नव्हता. इतकी जड कौलं उडाली कशी?

एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. चौरस मीटरला पंधरा लागतात, म्हणजे वजन ३७-३८ किलो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला चौरस मीटरवर साधारण १७ किलो येतो. आपला नेहमीचा पावसाळी सोसाटा तेवढाच, म्हणून कौलं नुसत्या वजनावर साठ वर्षं बसून राहिली. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वेग ताशी ११० ते १२० होता. १२० ला हिशेब ६८ किलोवर जातो. कौलाचं वजन ३८, ओढ ६८ च्या घरात. आणि ही ओढ वरून असते: वारा आढं ओलांडून पलीकडे उतरताना मागच्या पाख्यावर पोकळी तयार करतो. वळचण, आढं आणि कडांना ती सगळ्यात जास्त. त्यातच आमचं मागचं दार फुटलं आणि आतून वर ढकलणारा दाबही मिळाला. खालून रेटा, वरून ओढ, मधे मोकळी ठेवलेली कौलं.

पडवीवरची पोतीही याचसाठी निरुपयोगी होती. वजन कितीही ठेवलं तरी ते पुरेल याची खात्री नाही. बांधलेलं हवं. कौल रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीला, आणि भिंतीच्या वरच्या ओळीला खालच्या ओळी.

५ जुलै

कौल हातात घेऊन उलटं करून बघितलंय का कुणी? पोटाकडे एक छोटं नाक असतं, आणि त्या नाकाला भोक. आमच्या जुन्या कौलांत ते भोक मातीने आणि कोळिष्टकांनी बुजलेलं होतं. मी खिळ्याने एक साफ केलं, पलीकडून उजेड आला. कारखान्याने ते भोक तार ओवण्यासाठीच ठेवलेलं असतं. १९५८ पासून या घरात एकाही कौलातून तार ओवलेली नव्हती. काकांनी आयुष्यात शेकडो घरं शाकारली, त्यांनीही कधी ओवली नाही. त्यांच्या वडिलांनी म्हणे पूर्वी आढ्याजवळ काथ्याने बांधलेली पाहिली होती.

आम्ही गॅल्व्हनाइज्ड तार घेतली, खाऱ्या हवेत साधी तार दोन पावसाळे टिकत नाही. पद्धत अशी ठरली: वळचणीच्या तीन ओळी, आढ्यालगतच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या कडा इथलं प्रत्येक कौल बांधायचं. मधल्या भागात दर तिसरी ओळ. एक माणूस वर कौल बसवतो, एक खाली माळ्यावर बसून तार रिपेभोवती घेऊन पिळतो. खाली मी. मान दुखून येते, डोळ्यांत साठ वर्षांची धूळ. दिवसाला दोनशे होतात. तार फार पिळायची नाही, नाक तुटतं. पहिल्या दिवशी माझ्याकडून सात तुटली. पक्कडीचे दोन पूर्ण वेढे, तिसरा अर्धा, बस.

सगळी बांधावीत असं मला वाटत होतं. काकांचं म्हणणं, मग दरवर्षी एक फुटकं कौल बदलायला दहा तारा सोडाव्या लागतील, आणि तीन वर्षांत कुणी शाकारणीच करणार नाही. बरोबर आहे. दुरुस्त करता येईल एवढंच बांधायचं.

११ जुलै

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वीज आली. ३८ दिवसांनी. बाहेरगावांहून आलेल्या कामगारांनी चिखलात खांब ओढून उभे केले. त्यांना गावाने रोज दुपारी जेवू घातलं. आज आईने त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या केल्या, पडलेल्या माडांचे नारळ संपत आलेत.

५ ऑगस्ट

दोन दिवस धो धो पाऊस आणि आज जोराचा वारा. मुंबईत कुलाब्याला ताशी शंभरच्या वर गेला. आमच्याकडे किती होता मोजायला साधन नाही, पण जून महिन्याची आठवण झाली इतका. मी माळ्यावर बसून होते. कौलं खडखडली, रिपेवर थोडी उचलून परत बसली. तारेने धरलेलं कौल उचलतं आणि बसतं, त्याचा टक-टक असा आवाज येतो. रात्रभर तो ऐकला. एक कौल गेलं, तेही न बांधलेल्या ओळीतलं.

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गणपती ओटीवर बसला. दोन्ही काका येऊ शकले नाहीत. आरती फोनवरून.

१८ ऑक्टोबर

पाऊस संपला. चार महिने वाडीकडे बघायला धीर होत नव्हता, आता काम सुरू केलं.

पडलेले माड वाडीत कुजत ठेवायचे नाहीत, ही पहिली गोष्ट. गेंडा भुंगा कुजक्या खोडात आणि शेणखतात अंडी घालतो, आणि मोठा झाला की उभ्या माडाच्या कोवळ्या पोगराला, शेंड्यातल्या न उघडलेल्या पानांना, भोकं पाडतो. उरलेल्या नऊ माडांपैकी दोनांच्या नव्या झावळ्या आत्ताच कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी कातरलेल्या निघाल्यात. म्हणजे तो आलाय. खोडं चिरून वाळायला टाकली, कुजलेली जाळली. एका बुंध्याचं साल काढलं तर आत अंगठ्याएवढी, पांढरी, वळून बसलेली अळी. तशा त्या एका बुंध्यात तेवीस निघाल्या. बाबांनी एकेक वेचून मारली. ते काहीच बोलत नव्हते. शेणखताच्या खड्ड्यात आता मेटारायझियम बुरशी टाकायची आहे, त्याने अळ्या मरतात.

नवीन सुपारीला सहा-सात वर्षं लागतील. लगेच लावताही येत नाही, कारण रोपाला सावली हवी आणि सावली देणारंच काही उरलं नाही. पश्चिमेच्या उन्हाने रोपाचं खोड भाजतं. म्हणून आधी केळी. येत्या पावसात केळींच्या आडोशाने श्रीवर्धनी रोठ्याची, इथल्या सुपारीच्या जातीची, रोपं. बाबा ६८ वर्षांचे आहेत. ते खड्डे मोजून आखत होते, दोरी धरून, नऊ-नऊ फुटांवर, एक इंचही इकडेतिकडे होऊ न देता.

सुरूचं बनही विरळ झालंय. पुढच्या वादळाचा वारा घरापर्यंत यंदापेक्षा मोकळा येईल. हे लक्षात ठेवून घराचं उरलेलं काम करायचं आहे.

२४ जानेवारी २०२१

वासे भिंतीला बांधले. आजवर ते भिंतीच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडावर नुसते खिळ्याने टेकवलेले होते, आणि ते लाकूड भिंतीवर स्वतःच्या वजनाने. खिळा ओढला की निघतो. आता प्रत्येक दुसऱ्या वाशाला लोखंडी पट्टी घोड्यावरच्या खोगिरासारखी वरून टाकून दोन्हीकडून बोल्टने त्या लाकडाला आवळली. आणि ते लाकूड दर पाच फुटांवर १२ मिलिमीटरच्या सळईने खाली चिऱ्यांच्या तिसऱ्या थरापर्यंत नेऊन, तिथे भिंतीत भोक पाडून, पट्टी घालून नटने कसलं. भिंत मातीत बांधलेली असल्याने वरच्या एका चिऱ्यावर भरवसा नाही. तीन थरांचं वजन मिळून सळई धरतं. लोखंडाला रेड ऑक्साइडचे दोन हात.

पडवी नव्याने घातली. पत्रा आधी एका आड एक पन्हळीला, तेही खोलगट भागात हूक मारलेला होता. भोकातून पाणी जाऊन हूक गंजून निम्मे झाले होते. आता भोक पन्हळीच्या उंचवट्यावर, आणि कडेच्या आडव्या पाइपवर प्रत्येक उंचवट्याला हूक, रबरी वायसर लावून. आधी पडवीचा पत्रा अडीच फूट बाहेर लोंबत होता, सावली पडावी म्हणून. तो कापून दीड फुटावर आणला. बाहेर आलेला पत्रा म्हणजे वाऱ्याला हात घालायला दिलेली जागा. पडवीचं छप्पर मुख्य घरापासून मुद्दाम वेगळं ठेवलंय. जायचंच झालं तर एकटं जावं, घराचं छप्पर सोबत नेऊ नये.

मागचं दार. वर कडी, खाली कडी, आणि मधे आडसर. आडसर सागवानी, भिंतीत दोन्ही बाजूंना कोनाडा करून बसवलेला. आजोबांच्या वेळी पुढच्या दाराला तसा होता, चोरांच्या भीतीने. कोनाडे अजून आहेत.

१५ मे २०२१, शनिवार

पुन्हा. तौक्ते, नाव म्यानमारचं. गोव्याच्या खाली आहे, किनाऱ्याला समांतर वर सरकतंय, गुजरातकडे. किनाऱ्याला लागणार नसलं तरी जवळून जाणार.

या वेळी तयारीची यादी भिंतीवर लिहिलेली होती. माडांच्या पेंडी आणि वाळक्या झावळ्या गुरुवारीच उतरवून घेतल्या. अंगणातलं सगळं उचललं: घमेली, बादल्या, तुळशीजवळच्या कुंड्या, सुटी कौलं. ३ जूनला शेजारच्या काकांच्या भिंतीत आमचंच एक कौल रुतलेलं सापडलं होतं. दोन ताडपत्र्या, रिपा, खिळे, हातोडी, दोर ओटीवर तयार. वारसनोंद मार्चमध्ये झाली, सातबाऱ्यावरून आजीचं नाव उतरलं. त्या दिवशी बाबांनी जुना उतारा घडी करून ट्रंकेत ठेवला, फाडला नाही.

काल आईने अक्षय्य तृतीयेला केळीच्या चार घडांपैकी एक कापला, राहिलेले वारा नेईल म्हणून आज तिन्ही उतरवले.

१७ मे, सोमवार, सकाळी

रात्री दोनपासून जागे. आडसर लावला. या वेळी खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात की नाही यावरून वाद झाला. बरेच लोक सांगतात, उघड्या ठेवल्या की दाब निघून जातो. मी ठेवू दिल्या नाहीत. वाऱ्याकडची फट म्हणजे वाऱ्याला आत यायला वाट, गेल्या वर्षी दाराने ते दाखवलंय.

पहाटे चारच्या आसपास सगळ्यात जोर होता. माळ्यावर टॉर्च घेऊन बसले. टक-टक, टक-टक. एकदा पश्चिमेच्या कोपऱ्यातून लांब कर्र असा आवाज आला आणि मी पट्टीवर हात ठेवला. लाकूड थरथरत होतं, पण पट्टी आणि वासा मिळून, एकत्र. मधे फट पडत नव्हती.

बाबांनी खालून दोनदा विचारलं, “काय गं?”

“आहे, बाबा.”

१८ मे

फोटो काढले, मग मोजणी. कौलं गेलेली ११, त्यातली बांधलेल्या ओळीतली २. दोन्हींची नाकं तुटलीत, तार रिपेवर तशीच. पडवीचा एक पत्रा कोपऱ्यातून दुमडलाय, हूक जागेवर. आडसराच्या डाव्या कोनाड्यातला चिरा केसभर सरकला. माड एक पडला, भुंग्याने पोखरलेल्या दोघांपैकी. केळी सगळ्या आडव्या. वीज काल पहाटेपासून नाही.

सुतारकाका दुपारी आले, चप्पल काढून सरळ शिडीवर चढले. आढ्याजवळची तार बोटाने ओढून बघितली, खाली उतरले आणि म्हणाले, “आता माझ्या घराची कधी बांधायची?” त्यांचं घर गेल्या वर्षापासून अर्धं ताडपत्रीखाली आहे. दुसऱ्यांची छपरं करता करता राहून गेलं.

उद्या सकाळी सातला जायचं ठरलंय. तारेचं अर्धं बंडल शिल्लक आहे. मी खाली, माळ्यावर बसेन.